दारू यकृतात जाते, मग स्तनाच्या पेशीत काय करते?

गोरेगावच्या एका मैत्रिणीने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगते. वय ३३, जाहिरात कंपनीत नोकरी, अजून मूल नाही. सख्ख्या मावशीला ५८व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला, तिच्या बायॉप्सीचा रिपोर्ट सोबत पाठवलाय. पुढे लिहिते, ‘‘शुक्रवारी आणि शनिवारी मी दोन-दोन ग्लास वाइन घेते. दारूने लिव्हर जातं हे कळतं. पण पोटात गेलेली दारू छातीपर्यंत पोचते कशी आणि तिथे नेमकं करते काय? आमच्या फॅमिली डॉक्टर म्हणतात, थोडीशी चालते. आईची पाळी गेलीय, त्या त्रासासाठी तिला इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू आहेत. तीही कधीमधी आमच्याबरोबर ग्लास घेते. तिचं काय?’’

मी पेशंट तपासणारी डॉक्टर नाही, पॅथॉलॉजिस्ट आहे. पेशंट बाहेर बाकावर बसते, तिच्या गाठीचा तुकडा माझ्या टेबलावर येतो. सव्वीस वर्षं परळमध्ये हेच काम करतेय. म्हणून उत्तर पेशीच्या बाजूने देते.

आधी दारू तिथवर पोचते कशी ते. इथेनॉलचा, म्हणजे दारूतल्या अल्कोहोलचा, रेणू अगदी चिमुकला. पाण्यात मिसळतो आणि पेशीच्या चरबीच्या पडद्यातूनही आरामात पार होतो. जठरातून आणि लहान आतड्यातून तो रक्तात उतरतो, यकृताकडे जातो. पण यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅमच निकालात काढू शकतं. उरलेला माल रक्ताबरोबर फिरत राहतो, आणि जिथे रक्त तिथे तो. यकृत आधी बिघडतं, कारण पहिला आणि मोठा भार त्याच्यावर पडतो; म्हणून बाकीचे अवयव सुटले असं होत नाही. त्यातून बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूने बाईच्या रक्तातलं प्रमाण जास्त चढतं.

याचा पुरावा बघायला प्रयोगशाळा लागत नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईने पेग घेतला, तर तिच्या दुधात दारूचं प्रमाण जवळपास रक्तातल्याइतकंच असतं. अर्ध्या ते एका तासात ते सर्वांत वर जातं. दूध काढून फेकून दिलं तरी उपयोग नसतो, रक्तातली उतरेल तेव्हाच दुधातली उतरते. आता हे दूध बनवणाऱ्या पेशी कुठल्या? स्तनातल्या बारीक नळ्यांच्या टोकाला द्राक्षाच्या घडासारखे पुंजके असतात, त्यांच्या आतल्या थरातल्या. स्तनाचे बहुतेक कॅन्सर सुरू होतात तेही याच पुंजक्यांत. म्हणजे ‘छातीपर्यंत पोचते का’ हा प्रश्नच उरत नाही. ज्या पेशींची मला रोज काळजी असते, त्याच पेशी दारूत भिजतात.

किती, ते मापातच बोलू. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये म्हणजे पावणेतेरा मिली शुद्ध अल्कोहोल. ते पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वजनात १० ग्रॅम. या विषयावरचं बहुतेक संशोधन याच मापात बोलतं, दिवसाला १० ग्रॅम. १३ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलीचा ग्लास १५ ग्रॅमचा झाला. ६५० मिलीच्या पाच टक्क्यांच्या बिअरच्या बाटलीत २५ ग्रॅम, आठ टक्क्यांच्या स्ट्राँगमध्ये ४०. तुमचे आठवड्याचे चार ग्लास म्हणजे ६० ग्रॅम, दिवसाची सरासरी नऊच्या आसपास. घरी वाइनचा ग्लास कोणी मोजून भरत नाही, पण तुमच्या शब्दावर विश्वास ठेवते.

आता पेशीच्या आत. इथेनॉल स्वतः तितका वाईट नाही, त्याचं जे होतं ते वाईट. एडीएच नावाचं एन्झाइम त्याचं अॅसिटाल्डिहाइड करतं. मग एएलडीएच-२ हे दुसरं एन्झाइम त्या अॅसिटाल्डिहाइडचं निरुपद्रवी अॅसिटेट करतं. यकृतात हे दुसरं एन्झाइम भरपूर, त्यामुळे विष फार वेळ रेंगाळत नाही. स्तनाच्या नळ्यांच्या पेशींत पहिलं काम करणारी एन्झाइम आहेत, दुसऱ्या कामाची क्षमता तोकडी. प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांना दारू दिली तर त्यांच्या स्तनाच्या ऊतीत अॅसिटाल्डिहाइड रक्तातल्यापेक्षा जास्त आणि जास्त वेळ टिकून राहतं, हे पाहिलं गेलंय. थोडक्यात, विष बाहेरून येतं तसं जागेवरही तयार होतं, आणि साफसफाईला माणसं कमी.

हे अॅसिटाल्डिहाइड म्हणजे काय चीज आहे, ते मला रोजच्या कामातून सांगता येईल. गाठीचा तुकडा माझ्याकडे येतो तो फॉर्मालिनच्या डबीत. फॉर्मालिन म्हणजे पाण्यात विरघळवलेलं फॉर्माल्डिहाइड. ताजा तुकडा मऊ, ओलसर, बोटाने दाबला तर दबणारा. दुसऱ्या दिवशी तो उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा घट्ट होतो, सुरीने पातळ काप निघतात. कारण फॉर्माल्डिहाइड एका प्रथिनाला दुसऱ्याशी टाके घालत जातं. एकदा टाका पडला की पेशी होती तशी गोठते, वर्षानुवर्षं कुजत नाही. मेलेल्या तुकड्यासाठी हे वरदान आहे. अॅसिटाल्डिहाइड हे त्याच घराण्यातलं, एक कार्बन जास्त असलेलं भावंड. सवय तीच, दिसेल त्याला टाके घालायची. फक्त इथे पेशी जिवंत आहे आणि टाका डीएनएला पडतो.

डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानिन हे त्याचं आवडतं. ग्वानिनला अॅसिटाल्डिहाइडचा तुकडा चिकटतो, आणि पेशी विभागताना नक्कल करणारी यंत्रणा तिथे अडखळते किंवा चुकीचं अक्षर टाकते. त्याहून वाईट म्हणजे कधी कधी डीएनएचे दोन्ही धागे एकमेकांना शिवले जातात. नक्कल करायची तर दोन धागे उलगडायला हवेत, आणि हे तर टाक्याने बांधलेले. असा टाका उसवायला पेशीजवळ एक खास दुरुस्तीपथक आहे. त्याला फॅन्कोनी मार्ग म्हणतात, आणि त्यातले दोन कारागीर तुम्ही ऐकलेले आहेत : बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२. ज्या घराण्यात या दोन जनुकांत दोष असतो त्या घरात तरुण वयात स्तनाचे आणि बीजकोषाचे कॅन्सर होतात, ते याच कारणाने. दुरुस्ती करणारंच कोणी उरत नाही.

केंब्रिजमधल्या एका गटाने २०११ आणि २०१८ साली हे उंदरांत स्पष्ट दाखवलं. अॅसिटाल्डिहाइड साफ करणारं एन्झाइम आणि फॅन्कोनी मार्ग दोन्ही काढून टाकले, तर दारूने रक्ताच्या मूळ पेशींतली गुणसूत्रं अक्षरशः तुटतात, तुकडे चुकीच्या जागी जोडले जातात. लक्षात घ्या, त्या रक्ताच्या पेशी होत्या, स्तनाच्या नव्हेत. पण यंत्रणा तीच. २०१७ साली केंब्रिजमधल्याच दुसऱ्या एका गटाने दाखवलं की अॅसिटाल्डिहाइडमुळे बीआरसीए-२चं प्रथिन पेशीत मोडून पडतं. म्हणजे नुकसान करणारा येताना दुरुस्तीवाल्यालाही घरी पाठवतो.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, ठीक आहे, शरीर रोज हजारो जखमा भरतं, याही भरेल. खरी गोम पुढे आहे.

तुम्ही मुंबईकर आहात, म्हणून मुंबईच्या भाषेत सांगते. रुळांची दुरुस्ती करायची तर रेल्वेला मेगाब्लॉक घ्यावा लागतो. काही तास गाड्या बंद, मग माणसं रुळावर उतरतात. पेशीतही असाच ब्लॉक असतो. डीएनए बिघडला की पेशी विभागणी थांबवते, दुरुस्ती करते, मगच पुढे जाते. आता समजा रूळ तुटलाय आणि कंट्रोल रूममधून हुकूम आला की ब्लॉक रद्द, उलट जादा गाड्या सोडा. दारू स्तनात हेच करते. एका हाताने रूळ उखडते आणि दुसऱ्या हाताने जादा गाड्या सोडते. तो दुसरा हात म्हणजे इस्ट्रोजेन, बाईच्या शरीरातलं स्त्री-हार्मोन.

इथे मला जरा रेंगाळू द्या, कारण हा भाग मी रोज डोळ्याने बघते. स्तनाच्या तुकड्याचा पातळ काप काचेवर ठेवून आम्ही तो एका खास पद्धतीने रंगवतो, म्हणजे ज्या पेशीत इस्ट्रोजेनचा रिसेप्टर, त्याचा निरोप ऐकणारं प्रथिन, आहे तिचं केंद्रक तपकिरी होतं, बाकीची निळी राहतात. निरोगी स्तनाच्या पुंजक्यात तपकिरी केंद्रकं विखुरलेली दिसतात, निळ्या गर्दीत इकडे एक, तिकडे दोन. आणि गंमत अशी की ज्या पेशी इस्ट्रोजेनचा निरोप ऐकतात, त्या स्वतः सहसा विभागत नाहीत. त्या शेजारणीला निरोप देतात आणि शेजारीण विभागते. शिस्त आहे त्यात. कॅन्सरच्या काचेवर ही शिस्त मोडलेली दिसते. अख्खं शेत तपकिरी. निरोप ऐकणारी आणि विभागणारी पेशी एकच झालेली असते. तिला आता शेजारणीची गरज नाही, इस्ट्रोजेन मिळालं की ती वाढते.

दारूने हे इस्ट्रोजेन वाढतं, आणि हे बायकांवर मोजून पाहिलेलं आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात पाळी सुरू असलेल्या ३४ बायकांना तीन पाळीचक्रं रोज ३० ग्रॅम अल्कोहोल दिलं आणि तीन चक्रं अजिबात दिलं नाही. जेवण दोन्ही वेळेला ठरवून दिलेलं. अंडं बाहेर पडण्याच्या सुमारास रक्तातलं इस्ट्रॅडिऑल, म्हणजे इस्ट्रोजेनचं सगळ्यात जोरकस रूप, दारूच्या महिन्यांत २८ टक्क्यांच्या आसपास जास्त निघालं. २००१ साली पाळी गेलेल्या ५१ बायकांवर असाच प्रयोग झाला, आठ आठवडे. १५ ग्रॅमने इस्ट्रोन सल्फेट हे इस्ट्रोजेनचं दुसरं रूप साडेसात टक्के वाढलं, ३० ग्रॅमने पावणेअकरा. मला यातला १५ ग्रॅमचा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो एक ग्लास वाइन आहे. कोणी झिंगलेलं नाही, कोणाचा तोल गेलेला नाही, आणि हार्मोन मात्र हललंय.

का वाढतं? इस्ट्रोजेन निकामी करायचं कामही यकृताचंच. दारू आली की यकृत तिच्या मागे लागतं, आणि जोरकस इस्ट्रॅडिऑलचं सौम्य इस्ट्रोन करायचं काम मागे पडतं. शिवाय अरोमाटेज या एन्झाइमला चालना मिळते. पुरुषी हार्मोनपासून इस्ट्रोजेन बनवणारं हे एन्झाइम स्तनाच्या चरबीतही असतं. पाळी गेल्यावर बीजकोष गप्प होतात, तेव्हा हाच कारखाना चालू असतो.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरही हे पाहिलंय. एमसीएफ-७ नावाच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात. १९७० साली डेट्रॉइटमध्ये कॅन्सरने आजारी असलेल्या एका ननच्या छातीतल्या पाण्यातून त्या काढल्या होत्या. त्या बाईंच्या पेशी अर्धशतकानंतरही कोणी ना कोणी दारूत भिजवतंय, हा नियतीचा विनोदच. या पेशींत इथेनॉल घातलं की इस्ट्रोजेनचा रिसेप्टर जास्त काम करतो, पेशी भराभर विभागतात आणि बीआरसीए-१ कमी होतं. ज्या पेशींत हा रिसेप्टरच नाही, त्या इतक्या हलत नाहीत.

तुमच्या मावशींच्या रिपोर्टमध्ये ‘ईआर ८/८, पीआर ६/८, हर-२ : १+’ अशी ओळ आहे, ती आता वाचता येईल. ईआर म्हणजे इस्ट्रोजेनचा रिसेप्टर, पीआर प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनचा, आणि हर-२ हे पेशीला वाढायला सांगणारं प्रथिन. ईआर ८ पैकी ८ म्हणजे दोन-तृतीयांशाहून जास्त केंद्रकं गडद तपकिरी. हर-२ एक प्लस म्हणजे निगेटिव्ह. दारूचा संबंध सगळ्यात पक्का दिसतो तो अशाच ईआर पॉझिटिव्ह गाठींशी. याचा अर्थ मावशींची गाठ दारूने झाली असा नाही. काचेवर बघून एका बाईच्या गाठीचं कारण सांगता येत नाही, आणि कोणी सांगत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका.

अॅसिटाल्डिहाइडचे टाके मोठे की इस्ट्रोजेनचा धक्का मोठा, यावर तज्ज्ञांत मतं वेगळी आहेत. माझं मत इस्ट्रोजेनकडे झुकतं, आणि त्याला एक कारण आहे. जपान, कोरिया, चीनमधल्या बऱ्याच लोकांत एएलडीएच-२ जन्मतःच लुळं असतं. एक घोट घेतला की तोंड लालबुंद होतं. असे लोक पीत राहिले तर त्यांना अन्ननलिकेचा कॅन्सर कितीतरी पट जास्त होतो. अॅसिटाल्डिहाइडच सगळं करत असतं तर त्यांच्यातल्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचीही तशीच उडी दिसायला हवी होती. ती तशी दिसत नाही. म्हणून मला वाटतं, घशात टाके भारी पडतात आणि स्तनात जादा गाड्या.

बाकीचे मार्ग भराभर सांगते. नेहमी पिणाऱ्यांत सीवायपी-२ई-१ नावाचं आणखी एक एन्झाइम वाढतं. ते दारू जाळताना ठिणग्या उडवतं, म्हणजे ऑक्सिजनचे आक्रमक रेणू, आणि तेही डीएनएला डागतात. दारूने फोलेट या ब गटातल्या जीवनसत्त्वाचं शोषण आणि वापर दोन्ही बिघडतं, त्यामुळे डीएनएवरच्या ‘हे जनुक बंद ठेवा’ अशा रासायनिक खुणा पुसट होतात. पेशीला शिस्तीत ठेवणारं अ जीवनसत्त्वाचं रूप, रेटिनॉइक अॅसिड, तेही घटतं. आणि ज्या पेशींत हर-२ भरपूर आहे, त्या प्रयोगशाळेत दारूमुळे जास्त भटक्या होतात, म्हणजे आजूबाजूला घुसू लागतात. हे सगळं खरं आहे, पण यातला एकेक धागा प्रत्यक्ष बाईच्या बाबतीत किती वजनाचा, याचं माप इस्ट्रोजेनइतकं चांगलं घेतलेलं नाही.

तुमच्या वयाचा मुद्दा मात्र घाईत सोडायचा नाही. पहिली पाळी ते पहिलं बाळंतपण या काळात स्तनाच्या पेशी अर्धवट शिकलेल्या असतात. पूर्ण दिवस भरून बाळंतपण झालं, दूध आलं, की त्या पक्क्या होतात, आणि पक्की पेशी सहजासहजी बिघडत नाही. कच्च्या पेशी जास्त विभागतात आणि डाग जास्त काळ जपून ठेवतात. अमेरिकेतल्या नर्सेसच्या मोठ्या अभ्यासातून २०१३ साली निघालं की या काळात रोजच्या दर १० ग्रॅममागे पुढच्या आयुष्यातला धोका ११ टक्क्यांनी वाढतो, नंतर कमी प्यायलं तरी. आमच्या आयांची पिढी विशीत आई व्हायची, हा काळ आठ-दहा वर्षांचा असायचा. आज तो वीस वर्षांचा झालाय, आणि नेमका त्याच वर्षांत पहिला पगार, शुक्रवारची संध्याकाळ, लोअर परळ. गिरण्यांच्या जागी आता जे पब आहेत, तिथून माझी लॅब दोन सिग्नल. संध्याकाळी घरी जाताना रांगेत उभ्या मुली दिसतात आणि मी मनातल्या मनात ग्रॅम मोजते. व्यवसायाचा रोग. लग्न लवकर करा असं मी म्हणत नाहीये, गैरसमज नको.

‘थोडीशी चालते’ याबद्दल. तुमच्या डॉक्टरांना दोष देणार नाही, दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत जेवणाच्या सुट्टीत मीही हेच बोलायचे. हृदयाला रेड वाइन चांगली, ही समजूत फार खोल गेलेली होती. पेशीला द्राक्ष, धान्य आणि ऊस यातला फरक कळत नाही, तिला इथेनॉल कळतं. वाइनमध्ये जे चांगलं म्हणून सांगतात त्याचं प्रमाण इतकं नगण्य असतं की त्यासाठी १५ ग्रॅम दारू सोसणं हा आतबट्ट्याचा व्यवहार. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने दारूला पहिल्या गटातला, म्हणजे खात्रीचा कॅन्सरकारक १९८८ सालीच म्हटलं. २००७ साली तिच्या तज्ज्ञांनी स्तनाचा कॅन्सर त्या यादीत घातला. २०२३च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने सरळ सांगितलं की कुठलंही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही.

आता घाबरण्याचं प्रमाणही मापात ठेवू. २००२ साली ५३ अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा रोजच्या १० ग्रॅममागे सात टक्के वाढ असा आहे. नर्सेसच्या दुसऱ्या एका अभ्यासात, २०११ साली, आठवड्याला तीन ते सहा ड्रिंक घेणाऱ्यांत १५ टक्के वाढ दिसली, आणि तुमचे चार ग्लास या खणात बसतात. पण कशावर १५ टक्के? आपल्याकडे आयुष्यभरात साधारण २८ बायकांपैकी एकीला हा आजार होतो, म्हणजे हजारात ३६. तुमच्या सवयीने ते ३९ ते ४१ होतील. मुंबईचा मूळ आकडाच गावापेक्षा वरचा. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३पासून आहे आणि बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७पासून. दोन्ही शेजारी ठेवल्या की मुंबईचं प्रमाण दुपटीच्या वर दिसतं. तेव्हा धोका लहान आहे, पण खोटा नाही. सिगारेट आणि फुप्फुसाचं जसं नातं आहे तसं हे नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. माझ्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक गाठी दारूला कधी न शिवलेल्या बायकांच्या असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दारू पिते असं सांगणाऱ्या बायका देशात शंभरात एखादी, पुरुष एकोणीस. वय, पहिलं मूल उशिरा, अंगावर कमी पाजणं, पाळी गेल्यानंतरचं वजन, घराण्याचा दोष, ही कारणं आपल्याकडे दारूपेक्षा कितीतरी जास्त बायकांना लागू आहेत. ‘मी तर थेंबही घेतला नाही हो, मग मलाच का?’ असं विचारणारी बाई मी बाहेरच्या बाकावर पाहिली आहे. तिला हा लेख वाचून वाटू नये की कॅन्सर झाला म्हणजे लोक तिच्याकडे संशयाने बघतील.

पण त्या शंभरात एक या आकड्यावरही मी सगळा भरवसा ठेवत नाही. तुकड्याबरोबर जो फॉर्म येतो त्यात सवयींचा रकाना असतो. तंबाखू, मिश्री, दारू. एका रुग्णालयातून वर्षानुवर्षं असे फॉर्म यायचे की बाईचं नाव दिसलं की दारूपुढे आधीच आडवी रेघ. एकदा फोन करून विचारलं तर रेसिडेंट म्हणाला, ‘‘मॅडम, काकूंना कसं विचारायचं?’’ मिश्री विचारता येते, दारू विचारता येत नाही. आणि मी तरी काय, बरीच वर्षं त्या रेघेकडे बघून तशीच पुढे जात होते.

सोडल्याने काय होतं? तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरबाबत सोडल्याचा फायदा चांगला सिद्ध झालाय, स्तनाबाबत पुरावा अजून मर्यादित आहे. पण इस्ट्रोजेन वाढतं ते दारू असेपर्यंतच. रूळ जे उखडले ते उखडले, जादा गाड्या मात्र बंद होतात. तुम्ही ३३ वर्षांच्या आहात, पेशी कच्च्या आहेत, म्हणून माझा सल्ला सोडा असाच आहे. ते जमत नसेल तर आठवड्याला एक ग्लास, आणि तो मापाने भरलेला. रोज थोडी की शनिवारी सगळी एकदम, यात सुटका नाही, एकूण ग्रॅम मोजले जातात.

राहिला प्रश्न आईंचा, आणि मला तुमच्यापेक्षा त्यांची जास्त काळजी वाटते. १९९६ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पाळी गेलेल्या, इस्ट्रोजेनची गोळी घेणाऱ्या बायकांना दारू दिली, साधारण आपल्या अंगकाठीच्या बाईला अडीच ग्लास वाइन होईल इतकी. तासाभरात रक्तातलं इस्ट्रॅडिऑल तिप्पट झालं आणि काही तास चढलेलंच राहिलं. गोळी न घेणाऱ्यांत तसं काही झालं नाही. म्हणजे डॉक्टरांनी जो डोस ठरवला, तो ग्लासाने त्या रात्रीपुरता बदलून टाकला. आईंच्या गायनॅकना दोन गोष्टी सांगा. एक, त्या कधी कधी वाइन घेतात. दुसरी, त्यांच्या सख्ख्या बहिणीला ईआर पॉझिटिव्ह कॅन्सर झालाय. ही दुसरी गोष्ट गोळ्या लिहिताना कोणी विचारली होती का, तेही बघा. गोळ्या मनाने बंद करायला सांगू नका, त्या बदलायच्या की थांबवायच्या हे त्या डॉक्टर ठरवतील. ग्लास मात्र आजपासून नको. आणि त्यांची शेवटची मॅमोग्राफी कधी झाली ते विचारा. मावशी तुमची मावशी आहे, पण आईंची बहीण आहे. या घरात तपासणीच्या रांगेत पहिला नंबर त्यांचा लागतो, तुमचा नंतर.